जंगलात झाडू कोण मारतं?

प्रश्न : फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या सोसायटीत पानांचा नुसता खच पडतो. झाडलोट करणाऱ्या बाई पोतीच्या पोती भरतात, कधी कोपऱ्यात ढीग पेटवलाही जातो. जंगलात तर याहून कितीतरी जास्त पानं पडत असतील. तिथे कोणी झाडत नाही, तरी पानांचे डोंगर का साचत नाहीत? आणि जंगलाला जे जमतं ते आमच्या आवाराला का जमू नये? – एक वाचक, पुणे

उत्तर : जमतं. मात्र त्यासाठी ओल आणि माती लागते, आणि आपल्या आवारात पानाच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत. सह्याद्रीच्या उतारावरच्या पानगळी जंगलात उन्हाळाभर पानं कुरकुरीत पडून असतात. पहिले दोन-तीन पाऊस झाले की त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे पसरू लागतात. पानातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे लिग्निन, आणि तो मोडण्यात बुरशीचा हात धरणारं कोणी नाही. मग वाळवी, पैसा किडा, गांडूळ अशी मंडळी पान कुरतडून बारीक करतात आणि उरलेलं काम जिवाणू उरकतात. पुढची पानगळ येईपर्यंत मागच्या वर्षीची बरीचशी पानं मातीत मुरलेली असतात. आपल्याकडे पान पडतं पेव्हिंग ब्लॉकवर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यात जातं.

दुसरं कारण पानातच आहे. गळण्याआधी झाड पानातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतं. पानाचा हिरवेपणा जातो तो याच आवराआवरीत. खाली पडतं त्यात कर्ब भरपूर आणि नत्र नावापुरतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं. वाळक्या पानांत कर्बाचं प्रमाण याच्या दुपटीच्या घरात असतं. म्हणून नुसत्या पानांचा ढीग महिनोन्‌महिने जसाच्या तसा दिसतो.

आता त्याच सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडा. भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेला वरणभात. इथे पाणी आणि नत्र हवं तेवढं आहे, पण सगळं गच्च बसतं आणि आत हवा खेळत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि दुर्गंधी सुटते. कचरा डेपोतल्या मोठ्या ढिगांत हेच झालं की मिथेन तयार होतो, आणि डेपोंना लागणाऱ्या आगी त्यावर भडकतात. डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या वेळोवेळी अडवल्या, त्यामागे ही दुर्गंधी, हा धूर आणि नासलेलं पाणी होतं.

म्हणजे पानांना जे कमी पडतं ते डब्यात आहे आणि डब्याला जे कमी पडतं ते पानांत. एकाच फाटकातून दोन्ही वेगवेगळी होऊन बाहेर जातात, याची मला फार हळहळ वाटते.

तेव्हा त्यांची गाठ घालून द्या. घरापुरतं करायचं तर बाजूंना भोकं पाडलेली बादली किंवा भाजीचा क्रेट पुरतो. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या अंथरा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि पाणी साचणार नाही. त्यावर चार बोटं पानं. रोजचा ओला कचरा बारीक करून टाका आणि लगेच त्याच्या दुप्पट-तिप्पट पानांनी झाका. विरजण म्हणून जुनं खत किंवा थोडं शेण पुरे. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठभर माल दाबल्यावर बोटांमध्ये ओल जाणवली पाहिजे, पाणी गळता कामा नये. गळलं तर पानं वाढवा, भुगा उडाला तर पाणी शिंपडा. गुलमोहराची बारीक पर्णिका लवकर मुरते. आंब्याचं जाड, मेणचट पान रेंगाळतं, ते चुरून टाका. सोसायटीसाठी जाळीचं कमरेएवढं गोल कडं करून हाच प्रकार करता येतो.

मी पहिल्यांदा घरी खत करायला घेतलं तेव्हा पानं घातलीच नव्हती. पंधरा दिवसांत शेजाऱ्यांनी दार वाजवलं आणि मी ती बादली कचऱ्याच्या गाडीत रिती केली. पुन्हा सुरुवात करायला दोन वर्षं गेली. असे किती प्रयत्न केवळ पानांअभावी सुटले असतील!

बरेच जण अळ्या दिसल्या की धीर सोडतात. चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा त्या झपाट्याने फस्त करतात. त्यांची माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर बसत नाही. वरचा पानांचा थर जाड ठेवलात तर अळ्या कमीही होतात.

दोन-तीन महिन्यांनी मिश्रण काळंभोर, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. मातीचा तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. तो बनवणारे जिवाणू तुमच्या बादलीतही असतात.

ढीग पेटवण्याबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं. पण नियम बाजूला ठेवला तरी त्या धुराचा पहिला श्वास झाडू हातात असलेल्या बाईंच्या छातीत जातो. हे पुढच्या सभेत कोणीतरी उठून बोललं पाहिजे, आणि काडी ओढायला सांगणाऱ्यालाही विचारलं पाहिजे.

खताच्या आधीची एक पायरी आपल्या आज्यांना ठाऊक होती. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालिपीठं, फणसाच्या आठळ्या भाजून. बादलीत काय जातं ते बघण्याआधी ताटात काय जाऊ शकतं ते बघणारी ती नजर होती.

आता शेवटची अडचण. पानगळ दोन-तीन महिन्यांची आणि स्वयंपाकघर बारमाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पोती फेकू नका, भरून जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या कोरड्या खोलीत ठेवा, आणि त्यावर जून ते जानेवारी काढा. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमातून ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत ते आणि ज्यांना ती हवी आहेत ते एकमेकांना गाठतात; फ्लॅटच्या बाल्कनीत खत करणाऱ्यांची मोठी सोय होते. तुमच्या बाईंना सांगा, पोत्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या मिसळू देऊ नका, आणि तोंडं सैल बांधा. वळवाचा पाऊस येण्याआधी मात्र सगळी पोती आत घ्या. भिजलेली पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या वड्या पडतात, आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा बादलीला कोरडं पान सगळ्यात जास्त लागतं, तेव्हा हाती काही उरत नाही.