रुळांखालचे कारागीर

लाकडी आगगाडीला दोरी बांधून ती घरभर ओढीत फिरला नाही, असा मुलगा विरळाच. वय वाढते तशी दोरी सुटते, गाडी माळ्यावर जाऊन पडते आणि खेळ संपतो. काहींची हौस मात्र वयाबरोबर ओसरत नाही. उलट ती वाढतच जाते. अशी मंडळी मग एकत्र येतात, वर्गणी काढतात, एखादी खोली मिळवितात आणि तिच्यात छोट्या रेल्वेचे एक अख्खे राज्य वसवितात. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत अशी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका मंडळाची हकीकत मोठी विलक्षण आहे.

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून, चार्ल्स नदीच्या काठी केंब्रिज नावाचे गाव आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही जगप्रसिद्ध संस्था तेथेच आहे. संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९४६ साली 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' स्थापन केला. पुढे या मंडळाला 'वीस क्रमांकाच्या इमारती'त जागा मिळाली. ही इमारत मोठी मौजेची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी ती घाईघाईने लाकडाची उभारली होती. युद्ध संपताच ती पाडून टाकावयाची, असा बेत होता. पण ती उभी राहिली ती तब्बल ५५ वर्षे! भिंतीला भोक पाडले किंवा छताखालून तारा ओढल्या, तरी तेथे फारसे कोणी रागवत नसे. हौशी कारागिरांना याहून चांगली जागा ती कोणती?

छोट्या रेल्वेचे पहिले शास्त्र म्हणजे प्रमाण. हौशी मंडळींत 'एचओ' नावाचे माप फार लोकप्रिय आहे. या मापात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या १/८७ असते. अमेरिकेतील खऱ्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर. येथे ते साडेसोळा मिलिमीटर होते. १७४ सेंटिमीटर उंचीचा स्टेशनमास्तर बरोबर दोन सेंटिमीटरांचा होऊन फलाटावर उभा राहतो. २५ मीटर लांबीचा डबा २९ सेंटिमीटरांहूनही किंचित आखूड भरतो. येथवर सारे सोपे आहे. पण दोन गावांमध्ये ४० किलोमीटरांचे अंतर असेल तर? त्याला ८७ ने भागले तरी सुमारे ४६० मीटर उरतात. एवढी मोठी खोली कोण देणार? म्हणून येथे थोडी लबाडी करावी लागते. रूळ डोंगराआड नेतात, बोगद्यात लपवितात, वळणे घेत घेत पुन्हा त्याच भिंतीजवळ आणतात आणि त्याच जागेला दुसऱ्या गावाचे नाव देतात. अंतर असे आखडले की गाडी फार लवकर पोहोचते. तेव्हा वेळापत्रक जुळावे म्हणून पुष्कळ मंडळांत घड्याळच वेगाने पळवितात. नकाशाला फसविले की घड्याळालाही फसवावे लागते, हा या राज्याचा न्याय!

मग बांधणीला आरंभ होतो. आधी लाकडी सांगाडा उभा करतात. त्यावर तारेची जाळी ताणून तिला डोंगराचा आकार देतात आणि वरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा लेप चढवितात. रंगविलेला भुसा पसरला की गवत होते. वाळलेल्या शेवाळासारख्या वनस्पतींच्या जुड्या रोवल्या की झुडपे होतात. सर्वांत नवल वाटते ते एंजिनांचे. दुकानातून नवे कोरे, झगझगीत एंजिन विकत आणावयाचे आणि बारीक कुंचल्याने त्यावर काजळी, धूळ व गंज रंगवावयाचा! दिवसभर धावलेले एंजिन स्वच्छ कसे असेल? खऱ्याचे निरीक्षण ज्याने बारकाईने केले आहे, त्यालाच हा मळ नेमका साधतो.

टेक क्लबात ही कामे मन लावून करणारे सभासद होते. जुन्या रेल्वेमार्गांचा इतिहास त्यांना तोंडपाठ असे. परंतु दुसरा एक गट असा होता की, त्याला डोंगरांत आणि झाडांत फारसे स्वारस्य नव्हते. हे सभासद हाती बत्ती घेऊन सांगाड्याखाली शिरत आणि तासन्‌तास बाहेर येत नसत. त्यांचे काम होते विजेचे, सांध्यांचे आणि सिग्नलांचे. पाहुण्यांना वरची रेल्वे दिसे. खाली तारांचे केवढे जंजाळ आहे, याची बहुतेकांना कल्पनाही नसे.

हे जंजाळ कशासाठी? छोट्या एंजिनाला वीज मिळते ती रुळांतूनच. एका रुळातून प्रवाह येतो, एंजिनातील मोटार फिरवितो आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. प्रवाह उलटा केला की एंजिन उलट दिशेला धावते. गाडी एकच असेल तर प्रश्न नाही. परंतु त्याच रुळांवर दोन गाड्या असल्या म्हणजे एकीची कळ दाबताच दुसरीही चालू लागते! आणखी एक अडचण पाहा. गाडी वळवून आल्या वाटेने परत पाठविण्यासाठी रुळांना फासासारखे गोल वळण दिले, तर फिरून आलेला उजवा रूळ डाव्या रुळालाच भिडतो. दोन्ही टोकांची वीज एकमेकींस मिळते आणि फ्यूज जळतो. कागदावर पेन्सिलीने दोन रेघा काढून पाहिल्या की हे तत्काळ ध्यानात येते.

यावर उपाय असा की, लोहमार्गाचे निरनिराळे विभाग पाडावयाचे, दोन विभागांमध्ये वीज जाणार नाही अशी फट ठेवावयाची आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र तारा जोडावयाच्या. आता गाडी ज्या विभागात असेल, त्या विभागाची वीज तिच्या चालकाच्या हाती असली पाहिजे. आणि गाडी पुढच्या विभागात गेली की तो विभाग त्याच्या हाती आला पाहिजे. चालक अनेक, विभाग अनेक. कोणता चालक कोणत्या क्षणी कोणत्या विभागाशी जोडावा?

सांगाड्याखालच्या मंडळींच्या लक्षात आले की, हेच काम रात्रंदिवस करणारे एक यंत्र जगात आधीच आहे. ते म्हणजे टेलिफोनचे केंद्र. तेथेही अनेक माणसांपैकी कोणालाही दुसऱ्या कोणाशी जोडून द्यावयाचे असते. टेलिफोन कंपनीकडून मंडळाला जुने सामान मिळू लागले. त्यात 'रिले' नावाचे खटके होते. रिले म्हणजे तारेचे वेटोळे घातलेला लोखंडाचा तुकडा. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचे लोहचुंबक बनते, ते समोरची पट्टी ओढून घेते आणि पट्टी हलताच दुसऱ्या एखाद्या तारेतील वीज सुरू होते किंवा बंद पडते. एका खटक्याने दुसरा हलवावयाचा, दुसऱ्याने तिसरा! अशा खटक्यांची मालिका नीट जोडली तर ती जणू विचार करते: 'पुढचा विभाग मोकळा असेल आणि सांधा डावीकडे असेल, तरच गाडी सोड.' १९६२ सालापर्यंत या रेल्वेखाली सुमारे १२०० रिले काम करीत होते. चालक टेलिफोनची तबकडी फिरवून हव्या त्या विभागाचा क्रमांक लावी आणि तेवढा मार्ग त्याच्या ताब्यात येई.

खोलीत जागोजागी संकटाचे खटके बसविले होते. एखादी गाडी दुसरीवर आदळणार असे दिसले की जवळचा कोणीही धावत जाऊन खटका दाबी आणि सारी रेल्वे जागच्या जागी थांबे. नियंत्रकाच्या फलकावर रिले जोडून बनविलेले आकड्यांचे घड्याळ होते. खटका दाबताच आकड्यांच्या जागी 'फू' असा निरर्थक शब्द उमटे! रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामात थट्टेलाही जागा ठेविली होती, हे बरेच झाले.

नव्या सभासदाला खोलीची किल्ली लगेच मिळत नसे. रेल्वेसाठी ४० तास काम करावे, मग किल्ली मागावी, अशी रीत होती. हे तास वर गवत पेरून भरले की खाली तारा जोडून, याची चौकशी नसे.

१९५५ सालच्या एप्रिलमधील सभेच्या टिपणांत एक साधी सूचना नोंदलेली आहे: विजेच्या यंत्रणेवर कोणी काम किंवा 'हॅकिंग' करीत असेल, तर त्याने आधी वीज बंद करावी, नाही तर फ्यूज जळेल. 'हॅकर' हा शब्द आज वर्तमानपत्रांत वाचला की दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. या मंडळात तो अर्थ नव्हता. एखादी अवघड जोडणी कोणाला सुचली नसेल अशा युक्तीने, निव्वळ तिच्या गोडीसाठी करणे, म्हणजे 'हॅक'. १९५९ साली पीटर सॅमसन या सभासदाने मंडळातल्या खास शब्दांचा एक कोशही तयार केला.

त्या सुमारास संस्थेत एक मोठा संगणक होता. परंतु विद्यार्थ्यांना त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. भोके पाडलेली पत्रे खिडकीतून आत द्यावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. स्वतःच्या हाताने तारा जोडणाऱ्यांना हे कसे रुचावे? १९५८ साली 'टीएक्स-झिरो' नावाचा दुसरा संगणक संस्थेत आला. मंडळाचे पूर्वीचे सभासद जॅक डेनिस तेव्हा संस्थेतच होते. त्यांनी या मुलांना त्या यंत्राची ओळख करून दिली. त्याच्यासमोर स्वतः बसता येत होते! 'हे असेल तर ते कर' ही भाषा मुलांना रिलेंनी आधीच शिकविली होती. आता तीच त्यांना कागदी फितीवर लिहावयाची होती. इतरांनी घेतलेल्या वेळा संपल्या की ही मुले यंत्रापाशी हजर होत, मग मध्यरात्र असो की पहाट. सॅमसनने त्या यंत्राकडून संगीत वाजवून घेतले.

१९६१ साली 'पीडीपी-वन' हे नवे यंत्र संस्थेला मिळाले. त्याला चित्रे दाखविणारा गोल पडदा होता. १९६२ साली स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनी त्यावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. त्याचे नाव 'स्पेसवॉर'. संगणकावरील आरंभीच्या खेळांत त्याची गणना होते. सॅमसनने पडद्यावर आकाशातील खऱ्या ताऱ्यांची रचना आणली. यंत्राचे खटके दाबून दाबून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉंडर्स यांनी हातात धरावयाच्या छोट्या पेट्या बनविल्या. त्यांसाठी लागणारे लाकूड व खटके कोठून आणले? रेल्वेच्या खोलीतूनच!

खालची मंडळी अशी संगणकाकडे गेली, तरी वरची रेल्वे थांबली नाही. खरा घाव पुढे बसावयाचा होता. १९९८ साली वीस क्रमांकाची इमारत पाडण्यात आली. डोंगर काही उचलून नेता येत नाहीत. तारा तोडल्या की हजारो सांधे सुटतात. पन्नास वर्षांचे काम मोडून मंडळाला दुसऱ्या इमारतीत जावे लागले आणि तेथे कोऱ्या जमिनीवर पुन्हा लाकडी सांगाड्यापासून आरंभ करावा लागला. नव्या रेल्वेत १९५० नंतरच्या दशकाचा देखावा आहे. वाफेची आणि डिझेलची एंजिने शेजारी शेजारी धावत होती, तो हा काळ. त्या देखाव्यात संस्थेच्या 'ग्रीन बिल्डिंग' या उंच मनोऱ्याची प्रतिकृती उभी आहे. सभासदांनी तिच्या खिडक्यांत दिवे बसविले आणि ते पेटवून-विझवून त्यांवर वरून ठोकळे पडण्याचा 'टेट्रिस' हा खेळ खेळण्याची सोय केली. पुढे २०१२ साली, एप्रिल महिन्यातील एका रात्री, विद्यार्थ्यांनी खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या १५३ खिडक्यांत रंगीत दिवे लावले आणि खालच्या मैदानात उभे राहून तोच खेळ त्या प्रचंड मनोऱ्यावर खेळून दाखविला.