काचेची तार घरात येते तेव्हा

संगमेश्वराकडच्या घरांत आता इंटरनेटची फायबर लाइन येऊ लागली आहे. मुंबईच्या मुलाशी समोरासमोर बोलता येते, सातबारा घरबसल्या बघता येतो. चांगलीच गोष्ट आहे. तार जोडणारा माणूस येतो, तासाभरात डबी बसवतो, मोबाइलवर आकडा दाखवून म्हणतो, "बघा काका, स्पीड कसला आहे! करा इथे सही."

सही आता आपल्याला येते. पण त्या कागदावर सही केली, म्हणजे काम नीट झाले असे आपणच लिहून दिले. तेव्हा थोडे थांबावे. त्या दिवशीचा स्पीड बघून काम कळत नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात टिकेल ते काम खरे.

ही तार तांब्याची नाही. हिच्या पोटात केसासारखा बारीक काचेचा धागा असतो. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. काचेच्या धाग्यांतून चित्र नेता येते, हे १९५४ साली लंडनमध्ये दाखवून देणाऱ्या दोघांपैकी एक आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी होते.

काच म्हटली की मोडण्याचे भय आलेच. धागा तुटला नाही, नुसता दुमडला, तरी वळणावर उजेड बाहेर सांडतो. म्हणून कोपऱ्यावर तार काटकोनात मुडपलेली नको. उरलेली तार तळहाताहून मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवलेली हवी. खिळा ठोकून आवळली असेल, दाराच्या फटीत चेपली असेल, तर तिथल्या तिथे बदलून मागावी. संकोच कशाला?

मग अंगणात यावे. खांबापासून घरापर्यंत तार कशी आली? माडाखालून आली असेल, तर एक झावळ पडली की संपले. विजेच्या तारेला लगटून तर मुळीच नको. चिऱ्याच्या भिंतीत जिथे भोक पाडले, तिथे शिरण्याआधी तार थोडी खाली लोंबून मग वर गेलेली असावी. म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळावरून खाली गळते, घरात येत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला उतरते हवे, आणि बुजवलेले हवे. एवढी साधी गोष्ट, पण घाईत हीच राहते.

आता उजेड किती पोचतो ते बघू. तो मोजायचे छोटे यंत्र त्या माणसाकडे असते. आकडा उणे येतो. उणे म्हणजे कर्जासारखे समजा. १९ चे कर्ज २७ च्या कर्जापेक्षा बरे. तसे उणे १९ आले तर ठीक. उणे २७ च्या आसपास आले, तर लाइन आज चालेल, पण जोडात जरा बिघाड झाला की बंद पडेल. दर ३ आकड्यांना उजेड निम्मा होतो. मग जोड पुन्हा करायला सांगावे. डबीवर लाल दिवा लागला, तर बहुधा उजेड पोचतच नाही असे समजावे.

तारेच्या टोकात डोळा घालून मात्र कोणी बघू नये. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेचे कापलेले तुकडेही जमिनीवर राहू देऊ नयेत. पोरे अनवाणी फिरतात.

डबी कुठे बसवायची हे आपण सांगावे. तो सांगेल दाराशी, कारण त्याची तार वाचते. पण जाड चिऱ्याची भिंत वायफाय अडवते. ओटीवर डबी आणि मागच्या पडवीत अभ्यास, हे जमत नाही. डबी माजघरात, उंचावर बरी.

सगळे पाहून झाले की कागदावर तारीख आणि उजेडाचा आकडा लिहून घ्यावा, मग सही करावी. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे श्रावणात लाइन मंदावली, तर नवा आकडा जुन्याशी ताडून बघता येईल. तक्रार केल्यावर जो क्रमांक मिळतो, तोही त्याच कागदामागे लिहावा.