संकेतस्थळांचे अलंकार : उपकारक की उपद्रवी?

शोभेची आवड मनुष्यमात्रास उपजतच आहे. सडा घातलेल्या अंगणात रांगोळी काढल्यावाचून गृहिणीचे समाधान होत नाही आणि वहीच्या पहिल्या पानावर वेलबुट्टी रेखाटल्यावाचून विद्यार्थ्यास चैन पडत नाही. मग संकेतस्थळे रचणाऱ्यांनीच ही हौस का करू नये? पान उघडावे तो अक्षरे तरंगत येतात, चित्रे एकामागून एक सरकू लागतात, मागील देखावा पुढील मजकुराहून निराळ्या गतीने चालतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज ना उद्या अशी पाने स्वतः रचतील. त्यांचे पालक तर विजेचे देयक भरण्यापासून परीक्षेचा निकाल पाहण्यापर्यंत नित्य त्यांचा उपयोग करितात. म्हणून या अलंकारांनी पाहुण्याची सोय होते की गैरसोय, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांस एकमेकांची माहिती सुलभपणे मिळावी म्हणून. आरंभीची पाने केवळ अक्षरांची असत. पुढे ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्यांत चढाओढ लागली. नेटस्केपने अक्षरे लुकलुकविणारी ‘ब्लिंक’ नावाची खूण आणिली, तर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने अक्षरे आडवी धावविणारी ‘मार्की’ आणिली. लुकलुकणारे वाक्य वाचावयाचे म्हणजे वाचकाने त्याच्या उजळण्याची वाट पाहत बसावयाचे! ही ‘ब्लिंक’ अधिकृत नियमांत कधीच समाविष्ट झाली नाही, आणि २०१३ साली फायरफॉक्सनेही तिला निरोप दिला.

त्यानंतरचा काळ ‘फ्लॅश’चा. १९९६ साली उदयास आलेल्या या साधनाने चलचित्रे, नाद आणि खेळ पानावर आणिले, हा त्याचा गुण नाकारता येत नाही. परंतु कित्येक संकेतस्थळांच्या दारातच एक लांबलचक चलचित्र उभे करण्याची चाल पडली, आणि तिच्याबरोबरच ‘प्रस्तावना वगळा’ असे सांगणारे बटणही आले. जी शोभा टाळण्याची सोय शोभेबरोबरच द्यावी लागते, तिची योग्यता काय, हे त्या बटणानेच सांगितले असे आम्हांस वाटते. सुरक्षिततेतील दोष आणि मोबाइलवरील अडचणी यांमुळे फ्लॅश मागे पडले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्यास दिलेला आधार काढून घेतला. ज्यांनी आपला सारा मजकूर त्यातच गुंफिला होता, त्यांची पाने सामान्य ब्राउझरांत उघडेनाशी झाली. अलंकाराबरोबर अंगही गेले!

अलीकडील काळात ‘पॅरॅलॅक्स’ची फार चलती झाली. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब झरझर मागे पळतात आणि दूरचा डोंगर मात्र हळूहळू सरकतो. त्यावरून आपणांस अंतराची कल्पना येते. पानाचे निरनिराळे थर निरनिराळ्या गतीने सरकवून तोच भास पडद्यावर उत्पन्न करितात. ही युक्ती नवी नव्हे. डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘दि ओल्ड मिल’ या लघुपटात काचांवर रंगविलेली चित्रे थराथरांनी मांडून हाच परिणाम साधिला होता. परंतु चित्रपटाचा प्रेक्षक पाहण्यासाठीच आलेला असतो, आणि संकेतस्थळाचा पाहुणा बहुधा काही काम घेऊन आलेला असतो. हा भेद ध्यानात ठेविला पाहिजे.

या युक्तीची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०१३ साली ८६ जणांवर एक प्रयोग केला गेला. काहींस पॅरॅलॅक्स असलेले पान दिले, काहींस त्यावाचूनचे. पॅरॅलॅक्सचे पान अधिक गमतीचे वाटले. परंतु ते वापरावयास अधिक सोपे आहे, असे काही आढळले नाही. आणि त्यांतील दोघांस तर ते पाहून मळमळू लागले!

हे मळमळणे म्हणजे नाजूकपणाचे चोचले नव्हेत. आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल जाणणारे एक इंद्रिय आहे. पडद्यावरील मोठी हालचाल पाहून डोळे सांगतात की आपण हाललो. कानातील इंद्रिय सांगते की आपण स्वस्थ बसलो आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही म्हणजे काहींस चक्कर येते, डोके दुखते, घाटातील मोटारीत होते तसे पोटात ढवळते. २०१३ सालीच ॲपलने आपल्या आयफोनच्या नव्या प्रणालीत अशा हालचालींचा भरणा केला, तेव्हा अनेकांनी अशीच तक्रार केली. हालचाल कमी करण्याची सोय पुढे अधिक परिणामकारक करावी लागली. आज वापरणाऱ्याने आपल्या यंत्रावर तशी इच्छा नोंदविली, तर संकेतस्थळास ती ओळखता येते. अर्थात ती ओळखून मान देणे मात्र रचणाऱ्याच्याच हाती असते.

लखलखाटाचा धोका याहूनही गंभीर आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मालिकेचा एक भाग दाखविला गेला. त्यातील लाल-निळ्या झगझगाटाने सहाशेंहून अधिक लोकांस, बहुतांशी मुलांस, रुग्णालयात न्यावे लागले. काही जणांच्या मेंदूस असा झगझगाट सोसत नाही व त्यांस झटके येतात. म्हणूनच २००८ साली जाहीर झालेल्या वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत, पानावर एका सेकंदात तीनांहून अधिक वेळा लखलखाट होऊ नये, असा दंडक घातला आहे. जी हालचाल आपोआप सुरू होते व इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांहून अधिक काळ चालते, ती थांबविण्याचे साधन पाहुण्याच्या हाती द्यावे, असेही त्यांत सांगितले आहे.

येथे कोणी म्हणेल, तर मग सर्वच हालचाल वर्ज्य करावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. बटण दाबताच ते किंचित दबल्यासारखे दिसले, तर आपली आज्ञा पोहोचली असे पाहुण्यास कळते. अर्जातील एखादा रकाना चुकला आणि तो तेवढा उठून दिसला, तर शोधाशोध वाचते. जेकब नीलसन या अभ्यासकाने १९९३ साली सांगितले आहे की, दहांश सेकंदात उत्तर मिळाले तर ते तत्काळ मिळाल्यासारखे वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही, आणि दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडते. ज्या कामास वेळ लागणार, तेथे हळूहळू भरत जाणारी पट्टी दाखविली तर ताटकळणाऱ्या माणसास धीर येतो. या सर्व हालचाली पाहुण्यास त्याच्याच कामासंबंधी काही सांगतात. त्या चाकराप्रमाणे वागतात, भाटाप्रमाणे नव्हे.

आपल्या काव्यशास्त्रास हा विचार अपरिचित नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने औचित्य हाच काव्याचा प्राण मानिला. अलंकार मोलाचा असला तरी तो योग्य अवयवावरच शोभतो. कमरपट्टा गळ्यात घातला तर लोक हसणारच. खेळाच्या किंवा बालकथेच्या पानावर जी गंमत शोभून दिसते, तीच रुग्णालयाच्या अथवा निकालाच्या पानावर काट्यासारखी सलते. निकालाच्या दिवशी घरातील एकाच मोबाइलभोवती सारे कुटुंब जमलेले असावे, जोडणी मंद असावी, आणि गुणांऐवजी फिरत्या चित्रांचा भार आधी उतरत राहावा, यापरता त्रास कोणता?

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पान रचावयास बसाल तेव्हा प्रत्येक अलंकारास तीन प्रश्न विचारा. याने पाहुण्यास काही कळते काय? हा काढून टाकिला तर त्याचे काही अडते काय? आणि ज्यास हा सोसत नाही, त्यास तो बंद करिता येतो काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले, तर तो अलंकार काढून टाकण्यास कचरू नका. तिसऱ्याचे नकारार्थी आले, तर मात्र पान लोकांपुढे ठेवूच नका. कारण ते उघडणाऱ्यांत कोणाची आजी असेल, कोणाचा आजारी भाऊ असेल, आणि त्याची प्रकृती तुम्हांस पडद्यामागून दिसणार नाही.