शितावरून भाताची परीक्षा : आचार्य धर्मकीर्तींचा एक प्रश्न

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपल्या जिभेवर इतकी रुळली आहे की, तिच्यात एक अनुमान दडलेले आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. एक शीत बोटांत चेपून पाहावे, ते मऊ लागावे आणि भांड्यातला सगळा भात शिजला असे आपण ठरवावे! पाहिलेल्या एका दाण्यावरून न पाहिलेल्या हजारो दाण्यांविषयी दिलेला हा निर्णय कशाच्या आधारावर उभा असतो? सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी बौद्ध तर्कपंडित आचार्य धर्मकीर्ती यांनी 'प्रमाणवार्त्तिक' या ग्रंथात नेमके हेच भाताचे उदाहरण घेऊन हा प्रश्न उपस्थित केला. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातही या प्रश्नाला आज मध्यवर्ती स्थान आहे.

हेतूची तीन लक्षणे

धर्मकीर्तींच्या विचाराची पार्श्वभूमी आचार्य दिङ्नागांनी तयार केली होती. 'त्या डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे' हे परिचित अनुमान घेऊ. येथे डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू होय. दिङ्नागांच्या मते खऱ्या हेतूची लक्षणे तीन. तो पक्षात असला पाहिजे. जेथे साध्य आहे अशा स्थळी, म्हणजे सपक्षात, तो आढळला पाहिजे. आणि जेथे साध्य नाही अशा विपक्षात तो मुळीच असता कामा नये. स्वयंपाकघरात अग्नीबरोबर धूर दिसतो. जलाशयात अग्नी नाही, तेथे धूरही नाही.

हेतू सपक्षात सर्वत्र, अंशतः किंवा कोठेही नाही, आणि विपक्षातही तसाच, असे गणित मांडले की नऊ शक्यता होतात. दिङ्नागांच्या 'हेतुचक्रा'त या नऊ शक्यता तपासल्या आहेत. त्यांपैकी दोनच ग्राह्य ठरतात. 'शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न झालेला आहे' हे अनुमान टिकते. 'शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो' हे टिकत नाही. कारण जाणता येणे हा धर्म नित्य आणि अनित्य अशा दोन्ही प्रकारच्या वस्तूंत आढळतो.

न दिसणे आणि नसणे

अडचण तिसऱ्या लक्षणापाशी येते. विपक्षात हेतू नाही, हे आपल्याला कळते कसे? जगातील सर्व अग्निरहित स्थळे कोणीही पाहिलेली नसतात. 'आजवर तसे कोठे दिसले नाही' एवढेच आपण म्हणू शकतो. धर्मकीर्तींचा आक्षेप यावरच आहे. केवळ न दिसण्यावरून नसणे सिद्ध होत नाही. भांड्यातील अनेक दाणे शिजलेले दिसले, तरी केवळ त्याच भांड्यात आहेत म्हणून उरलेले दाणेही शिजलेच असतील, असे म्हणता येत नाही. पंगतीच्या मोठ्या टोपात तळाचा भात करपतो आणि वरचा कच्चा राहतो, हे आचाऱ्याला ठाऊक असतेच.

युरोपीय लोकांनी शतकानुशतके पांढरेच हंस पाहिले होते. पुढे १६९७ साली विलेम द व्लामिंख या डच दर्यावर्दीच्या तुकडीला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील एका नदीवर काळे हंस आढळले. ते तेथे पूर्वीपासून होतेच. युरोपीयांच्या पाहण्यात तेवढे आले नव्हते.

मग 'नाही' असे कधीच म्हणता येणार नाही का? धर्मकीर्तींनी येथे एक मौलिक भेद केला. जी वस्तू असती तर निश्चित दिसली असती, तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा ठरतो. समोरच्या टेबलावर घागर दिसत नाही, म्हणजे ती तेथे नाही. परंतु जे आपल्या दृष्टीच्या टप्प्यातच नाही, त्याचे न दिसणे काहीही सिद्ध करत नाही.

आधार संबंधाचा

व्याप्तीचा, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अतूट साहचर्याचा, आधार उदाहरणांच्या संख्येत नसून वस्तूंच्या परस्परसंबंधात आहे, असे धर्मकीर्तींचे उत्तर आहे. असे संबंध दोन. पहिला कार्यकारणाचा : धूर अग्नीपासून उत्पन्न होतो, म्हणून तो अग्नीवाचून असू शकत नाही. दुसरा तादात्म्याचा : जे शिंशपा आहे ते वृक्ष असलेच पाहिजे, कारण शिंशपा हा वृक्षच होय. कार्यकारणसंबंध पडताळण्याची रीतही आहे. आधी धूर नव्हता. अग्नी आणल्यावर धूर दिसला. अग्नी काढून घेतल्यावर धूर नाहीसा झाला. आजच्या प्रयोगशाळेत एक घटक बदलून परिणाम पाहतात, तिच्याशी या रीतीचे नाते सहज ओळखता येते.

भाताचे अनुमानही मग दुरुस्त होते. ज्या दाण्यांचा स्वभाव सारखा आहे आणि ज्यांना शिजण्याची कारणेही सारखी मिळाली आहेत, ते शिजलेले असतील, असे म्हणणे धर्मकीर्तींना मान्य आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जवळचाच प्रश्न मांडला : पाहिलेल्या घटनांवरून न पाहिलेल्या घटनांविषयी निष्कर्ष काढण्यास तार्किक आधार कोणता? त्यांनी कार्यकारणसंबंधावरही तीच शंका घेतली. कार्ल पॉपर यांनी १९३४ साली सुचविले की, कितीही अनुकूल उदाहरणांनी वैज्ञानिक नियम सिद्ध होत नाही, एका प्रतिकूल उदाहरणाने मात्र तो बाधित होऊ शकतो. म्हणून विज्ञानाने आपले नियम खंडनासाठी सतत खुले ठेवावेत. पॉपर जे म्हणाले तेच धर्मकीर्ती म्हणाले होते, असे मानणे मात्र योग्य नाही. धर्मकीर्ती निश्चित ज्ञानाचा पाया शोधत होते. पॉपर यांनी त्या निश्चितीचीच अपेक्षा सोडली. साम्य आहे ते केवळ मोजदादीवर विसंबण्याच्या नकारात.

ग्रंथांचा प्रवास

हे विचारधन भारतात दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी खंभातच्या जैन भांडारातील हस्तलिखितावरून 'न्यायबिंदू' १८८९ साली टीकेसह प्रकाशित केला. बौद्ध ग्रंथ जैन भांडाराने जपला, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविण्यासारखी आहे. 'प्रमाणवार्त्तिका'ची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायन यांनी १९३०च्या दशकात तिबेटातील विहारांतून शोधून काढली.

विद्यार्थ्यांसाठी

'अमुक वस्तीतील मुले गणितात कच्चीच असतात', 'अमुक समाजातील माणसे तशीच असतात' अशी वाक्ये आपण ऐकतो. त्यांमागेही शितावरून केलेली भाताची परीक्षाच असते. ज्या दाण्यांपर्यंत आच पोहोचलीच नाही ते कच्चे राहिले, तर तो दोष दाण्यांचा नव्हे. धर्मकीर्तींनी जातीच्या अभिमानाची गणना बुद्धीच्या जडत्वाच्या लक्षणांत केली, हे येथे स्मरावे. अशी वाक्ये कोणी आपल्याविषयी उच्चारील तेव्हा, आणि आपण इतरांविषयी उच्चारू तेव्हाही, दोन प्रश्न विचारावेत : किती शिते पाहिली? आणि सर्व दाण्यांना आच सारखी मिळाली होती का?

स्वाध्याय

१. 'तो प्राणी उडतो, म्हणून तो पक्षी आहे' या अनुमानाला हेतूची तिन्ही लक्षणे लावून पाहा. कोणते लक्षण टिकत नाही?

२. 'जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पाणी शुद्ध आहे' या विधानातील दोष धर्मकीर्तींच्या भेदाच्या आधारे स्पष्ट करा.

३. आपल्या परिसरात ऐकलेले एखादे सरसकट विधान लिहा आणि त्यामागे संबंधाचा आधार आहे की केवळ मोजदाद, ते तपासा.