‘कंपनी’ आणि ‘कंपॅनियन’

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. ‘सोबत देणे’ याला इंग्रजीत ‘गिव्ह कंपनी’ लिहिले, तर बाईंनी खोडले. मग बरोबर काय? ‘कंपनी’ आणि ‘कंपॅनियन’ यांत फरक कोणता?
– एक पालक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : ताई, बाईंनी खोडले ते योग्यच. ‘गिव्ह कंपनी’ भारतात सर्रास ऐकू येते, पण प्रमाण इंग्रजीत ‘कीप समवन कंपनी’ असे म्हणतात. म्हणून ‘आजीला सोबत कर’ हे ‘कीप ग्रँडमदर कंपनी’ होईल.

‘कंपॅनियन’ म्हणजे सोबती, माणूस. ‘कंपनी’ म्हणजे सोबत. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघालेले वारकरी वाटेत एकमेकांचे ‘कंपॅनियन’ असतात आणि त्यांना एकमेकांची ‘कंपनी’ लाभते.

सोबत या अर्थी ‘कंपनी’च्या आधी ‘अ’ लावू नये. ‘शी इज गुड कंपनी’ म्हणजे तिच्या सहवासात वेळ छान जातो. ‘अ गुड कंपनी’ म्हटले की ऐकणाऱ्याला चांगला उद्योग वाटेल. ‘बॅड कंपनी’ला मात्र आपला ‘वाईट संगत’ हाच शब्द चपखल, कारण संगतीत परिणामही येतो.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधले ‘कम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी, पाव आहेत. एकत्र भाकरी खाणारा तो सोबती. १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नावातही तोच शब्द आहे. मुलीला हे मूळ जरूर सांगा. अर्थ कळला की शब्द पाठ करावा लागत नाही.