रात्रपाळीचा काळजीवाहक

मुंबईत उमरखाडी येथे मुलांचे जे निरीक्षणगृह आहे, ती जागा म्हणजे पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक व आगरकर यांनी तेथे १०१ दिवस काढले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच आवारात पुढे मुले ठेवली जाऊ लागली, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. वास्तू तुरुंगाची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते घर आहे. या अभ्यासलेखात आपणांस हे पाहावयाचे आहे की, अशा घरात मुलांसोबत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांस मुलांच्या मनाची काळजी घेण्याचे शिक्षण कसे द्यावे.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यास २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. जामीन हा नियम व अटकाव हा अपवाद आहे. चौकशी चालू असेतोवर निरीक्षणगृह, आदेशानंतर विशेष गृह, आणि सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर अतिगंभीर आरोप आहेत त्यांच्यासाठी सुरक्षित स्थान, अशी व्यवस्था आहे. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी असे कायदा म्हणतो. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला चार महिने म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपले ते वय आठवून ठरवावे.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली स्वातंत्र्य हिरावलेल्या अल्पवयीनांसाठी जे नियम संमत केले, त्यांत कर्मचाऱ्यांना बालमानसशास्त्राचे प्रशिक्षण द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अटकेतील व्यक्तींसाठी काम करीत आला आहे, आणि बंगळूरच्या निमहान्स या संस्थेत २०२० साली ‘संवाद’ हे केंद्र सुरू झाले, ते संकटातील मुलांसोबत काम करणाऱ्यांना शिकविते. तेव्हा ज्ञान नाही असे म्हणता येणार नाही. ते ज्ञान कोणापर्यंत पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी व समुपदेशक यांना शिबिरास पाठविणे सोपे असते. परंतु समुपदेशक सायंकाळी घरी जातो. रात्री दोन वाजता जो मुलगा भिंतीकडे तोंड करून रडतो, त्याच्याजवळ कोण असतो? काळजीवाहक किंवा पहारेकरी. बहुधा अल्प वेतनावर, पुष्कळदा कंत्राटी तत्त्वावर लागलेला. माझ्या मते प्रशिक्षणाचा आरंभ त्याच्यापासून व्हावा.

त्याला काय शिकवावे? सर्वांत आधी पहिली रात्र. अटकेतील मुलाच्या जिवाला स्वतःकडूनच सर्वाधिक धोका सुरुवातीच्या दिवसांत असतो. मंडळाचा प्रतिकूल आदेश आला, घरचे भेटीला आले नाहीत, अशा प्रसंगी तो पुन्हा वाढतो. शिवाय काही मुले व्यसनातून आलेली असतात. सोल्यूशन वा व्हाइटनर हुंगण्याची, गांजाची किंवा दारूची सवय एकाएकी तुटली की झोप उडते, हात कापतात, चिडचिड होते. ज्याला हे माहीत नाही तो या मुलास ‘माजलेला’ समजतो, व ज्याला माहीत आहे तो डॉक्टरांना बोलावतो. मुलाला सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी विचारले याचाच पुष्कळ मुलांना आधार वाटतो. उत्तर ‘होय’ आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. त्याच रात्री वरिष्ठांना कळवावे. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही शासकीय सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे. तो क्रमांक कार्यालयाच्या कपाटात नव्हे, तर काळजीवाहकाच्या टेबलावर असावा.

दुसरी गोष्ट वर्तन वाचण्याची. किशोरवयात भावनांचा जोर आधी येतो. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही पक्व होत राहतो. त्यात ज्याने घरी वा रस्त्यावर मार खाल्ला आहे, त्याच्या दृष्टीने उगारलेला हात आणि आपटलेले दार यांचा एकच अर्थ असतो. म्हणून मुलगा भडकला असता आवाज खाली आणावा, दोन पावले दूर उभे राहावे, इतर मुलांना तेथून हलवावे (प्रेक्षक असले की कोणताही मुलगा माघार घेत नाही) आणि त्याला दोन मार्ग द्यावेत, ज्यांतला एक त्याला स्वतः निवडता येईल. हे व्याख्यानाने येत नाही. एकाने मुलगा व दुसऱ्याने काळजीवाहक व्हावे आणि प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहावा, तेव्हा ते अंगवळणी पडते. एका दिवसाचे शिबिर, शेवटी प्रमाणपत्र व चहा, याने फारसे काही होत नाही.

मारणे तर गुन्हाच आहे. संस्थेतील कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केल्यास कलम ८२ लागू होते. खोलीत एकटे कोंडण्यास १९९० च्या नियमांनी मनाई केली आहे, आणि ज्याच्या मनात आत्मघाताचा विचार आहे त्यास एकांत म्हणजे संधीच देणे होय.

तिसरी गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटेल. काळजीवाहकाने मुलास गुन्ह्याविषयी विचारू नये. चौकशी मंडळाची आहे. कायदा त्यास निर्दोष मानून चालतो, आणि जेवण वाढणाराच तपास करू लागला तर मुलाला बोलण्यास कोणीच उरत नाही. त्याने झोपेविषयी, भुकेविषयी, आईविषयी विचारावे. जे दिसले ते रात्रपाळीच्या नोंदवहीत लिहावे: ‘गप्प आहे’ एवढेच नव्हे, तर ‘दोन वेळा जेवला नाही, चादर डोक्यावरून घेऊन जागा होता’ असे.

कर्मचाऱ्यांचे स्वतःचे मनही थकते. आठवड्यातून एकदा तासभर बसून त्यांचे ऐकून घेणारा कोणी असावा. हे काम अधीक्षकाने स्वतः करण्यापेक्षा बाहेरच्या जाणत्या व्यक्तीने केलेले बरे, कारण वरिष्ठासमोर कोणी आपली भीती सांगत नाही.

आता आपल्या मंडळ्यांविषयी थोडे. नाताळात मिठाई घेऊन अशा गृहांत जाण्याची आपली रीत आहे. हेतू चांगला असतो. परंतु ‘पुन्हा येऊ’ म्हणून न येणे हे या मुलांना फार लागते. तसे सांगून गेलेले लोक त्यांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ असतात. जावयाचे तर अधीक्षकांच्या परवानगीने, ठरल्या वारी, त्याच त्या दोघांनी वर्षभर जावे, आणि जाण्यापूर्वी कर्मचाऱ्यांसोबत वरील शिक्षण स्वतःही घ्यावे. छायाचित्रे काढून मंडळीच्या पत्रकात छापू नयेत. मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ ने मनाई आहे, आणि ती आपल्या पत्रकांनाही लागू आहे.