‘कुणाचा रे तू?’ : निराधार लेकरे आणि वारकऱ्याचे कर्तव्य



खेड्यात अनोळखी पोरगा दिसला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कुणाचा रे तू?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु ज्या लेकराला या प्रश्नाचे उत्तरच नाही, त्याने काय सांगावे? कुणाची आई वारलेली असते, कुणाला बाप ठाऊक नसतो, कुणी घरचा मार चुकवून निघालेला असतो. हा प्रश्न कानी पडताच अशा लेकराची मान खाली जाते. वारीच्या वाटेवर, स्थानकावर, वाळवंटात अशी लेकरे आपल्याला भेटतात. आपण त्यांना चार घास देतो आणि पुढे चालू लागतो. तेवढ्याने आपले काम झाले का, याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

१. संतांच्या घरचा दाखला

प्रथम आपल्या संप्रदायाच्या मुळाशी जाऊ. आळंदीची चार भावंडे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही कोण होती? विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, म्हणून ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि ही मुले उघडी पडली. लोक त्यांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणत. शुद्धिपत्रासाठी ती पैठणपर्यंत चालत गेली. म्हणजे आज ज्यांना आपण निराधार मुले म्हणतो, त्यांच्यातलीच ही चौघे होती. त्यांच्यातल्या एकाने १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली.

दुसरा दाखला जनाबाईंचा. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. त्या घराने तिला जागा दिली, कामही दिले. आणि नामदेवरायांच्या संगतीत तिची वाणीही फुलली. दामाशेटींच्या दारातून ती पोर परत गेली असती, तर आज ओव्या म्हणणाऱ्या किती बायाबापड्या मुक्या राहिल्या असत्या, याचा हिशेब कोण करील?

२. पंढरीतले एक घर

आता एक अशी हकीकत सांगतो, जी पंढरीत घडूनही पुष्कळ वारकऱ्यांना ठाऊक नाही.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक नव्हती. तिचे पाऊल चुकले, अथवा कुणी तिच्यावर बळजोरी केली, तर सारा दोष तिच्याच माथी येई. मग जन्मलेल्या जिवाची वाट लावली जाई. हे थांबावे म्हणून महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो शिकून डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली.

पंढरपूर तर क्षेत्राचे गाव. सर्व मुलखांतून माणसे तिथे येत, तशा दुःखी बायाही येत. यात्रेच्या गर्दीत लेकरू सोडून जाणे सोपे होते. हे पाहून १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. त्यात पुढाकार लालशंकर उमियाशंकर या मूळच्या गुजराती न्यायाधीशांचा होता. पुढे त्या आश्रमाला मुंबई प्रार्थना समाजाच्या आरंभीच्या मंडळींपैकी वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव मिळाले. लगेच १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. अशा घराची गरज किती होती, हे त्या दुष्काळाने साऱ्यांना दाखविले.

यातली मौज अशी की ही मंडळी मूर्तिपूजा मानीत नसत. परंतु न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या समाजाच्या धुरीणांना तुकोबारायांच्या अभंगांची मोठी गोडी होती. त्यांवर ते उपासनेत निरूपण करीत. राउळात जाऊन पायांवर डोके न ठेवणाऱ्या या माणसांनी राउळाच्या गावातच टाकलेली लेकरे उचलली. पीडिताला आपला म्हणतो त्यालाच साधू म्हणून ओळखावे, असे तुकोबारायांनी शिकविले आहे. त्या मापाने मोजू गेल्यास या मंडळींना परके म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

३. छप्पर आणि त्यापुढचे पाऊल

श्रीगाडगेबाबांचे (१८७६–१९५६) चरित्र आपल्याला अधिक जवळचे. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पण त्यांवर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, अशी तजवीज केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हेतू हा, की तिथे मुलांनी राहावे आणि शिकावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीला बसविली, आणि शिकता शिकता अंगमेहनत करावयास लाविले. बाबांचा त्यांच्यावर मोठा लोभ होता. १९५४ साली कराडला निघालेल्या रयतच्या कॉलेजाला बाबांचेच नाव आहे.

यातून ध्यानात घ्यावयाचे ते हे : अन्न एका दिवसाचे, छप्पर काही वर्षांचे, आणि विद्या व धंदा जन्माचे. तिन्ही पायऱ्या चढविल्या तरच पोर उभे राहते.

४. दोन शंका

कुणी म्हणेल, “अहो, ज्याचे त्याचे प्रारब्ध!” प्रारब्धाचा सिद्धांत आपले दुःख सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याचे दुःख पाहून हात बांधून बसण्यासाठी नाही. आपल्या अंगावर वीट पडली तर प्रारब्ध म्हणावे. लेकरावर पडत असेल तर धावावे.

दुसरा म्हणेल, “ही पोरे चोऱ्या करतात, नशापाणी करतात.” काही करतातही, ते झाकण्यात अर्थ नाही. पण क्रम पाहा. पोरगा घर सोडून गाडीत बसतो. पहिल्या रात्री त्याला भूक असते आणि भीती असते. त्या रात्री जो त्याला जवळ करील त्याचा तो होतो. चांगला माणूस भेटला नाही तर दुसरा भेटतोच. तो भीक मागावयास लावतो, फुकट राबवून घेतो, किंवा याहून वाईट काही करतो. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास घेऊन भूक मारावयास इतर पोरे शिकवतात. म्हणून पहिला दिवस मोलाचा. उशीर आपण करावयाचा आणि दोष पोराला द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

५. दिंडीने काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू. चोपदार, विणेकरी, फडकरी मंडळींनी हे पाठच करून ठेवावे.

पहिले : एकटे लेकरू दिसले तर आधी पाणी आणि अन्न द्यावे. दरडावू नये, चारचौघांत उलटतपासणी घेऊ नये. मुलगी असल्यास दिंडीतल्या वडीलधाऱ्या बाईने जवळ बसावे.

दुसरे : १०९८ या क्रमांकावर फोन करावा. ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत आणि तो रात्रंदिवस चालतो. जवळच्या पोलीस चौकीत कळविले तरी चालते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मूल एकटे सापडले तर चोवीस तासांत कळविणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. पुढचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती करते.

तिसरे : “देवाने दिले” म्हणून मूल परस्पर घरी नेऊ नये. मन चांगले असले तरी ते कायद्यात बसत नाही. आणि कुठेतरी त्याची आई त्याला शोधीत असेल, हेही विसरू नये. दत्तक घेण्याची इच्छा असेल तर सरळ मार्ग आहे, त्याने जावे.

चौथे, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते : बालगृहातला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला ते घर सोडावे लागते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, पण साऱ्या गरजा तिने भागत नाहीत. खोली भाड्याने घ्यावयाची तर जामीन कोण? कामाला लागावयाचे तर ओळख कुणाची? दिवाळीला जावयाचे कुठे? येथे सरकारपेक्षा सज्जनाचे काम अधिक आहे. आपल्यात सुतार आहेत, शिंपी आहेत, गिरणीवाले, दुकानदार, शेतकरी आहेत. प्रत्येक दिंडीने जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांना रीतसर भेटून अशा एका मुलाची जबाबदारी घेतली, त्याला हुन्नर शिकविला, सणाला घरी जेवावयास बोलाविले, तर त्या एका वारीचे पुण्य वर्षभर पुरेल.

आपल्या ज्ञानोबारायांनी समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस होते. त्या वयाच्या पोराला “आता तुझे तू पाहा” म्हणताना आपली जीभ थोडी अडखळावी.

चिंतनासाठी

एकादशीच्या भजनानंतर या तीन गोष्टी मंडळींत बोलाव्या. आपल्या गावात वा जवळच्या शहरात मुलांसाठी कोणते गृह आहे, आणि तिथे आपल्यापैकी कोण गेले आहे? आपल्या दिंडीत मूल सापडले तर फोन कुणी करावयाचा, हे ठरले आहे का? आणि आपल्या धंद्यात एका पोराला जागा आहे का?

वारीत आपण समोरच्याची जात विचारीत नाही, गोत्र विचारीत नाही. वाकून पाय धरतो आणि “माऊली” म्हणतो. ज्याला आपण माऊली म्हटले, त्याला “कुणाचा रे तू?” असे पुन्हा कोणत्या तोंडाने विचारावे? विचारलेच, आणि लेकरू गप्प राहिले, तर त्याच्या वतीने उत्तर आपण द्यावे : “आमचा.”

रामकृष्णहरी.